सकाळच्या घाईत चालेल असं छोटं एस्प्रेसो मशीन – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं घाटतंय आणि गेले तीन आठवडे मी व्हिडिओंमध्ये गुरफटलेय. त्या व्हिडिओंतल्या एकाही माणसाला सकाळी डबे करायचे नसतात, एवढं मात्र नक्की कळलं. म्हणून इथे विचारतेय.

आम्ही ठाण्यात, टू बीएचके. घरात मी, नवरा, साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा), आठवीतली लेक आणि तिसरीतला धाकटा. कॉफी पिणारे सव्वादोन. मला दुधाची लागते, नवऱ्याला काळी. साबा 'चव बघते गं नुसती' म्हणून अर्धा कप घेतात आणि तो अर्धा कप त्यांना रोज लागतो. साबु कट्टर चहावाले. साडेपाचला त्यांचा खलबत्ता वाजला की घर जागं होतं.

लेकीची बस ६:५० ला. ६:२० ते ६:४५ या वेळात पोळ्या, भाजी, दोन डबे. शेगडीचे चारही बर्नर भरलेले असतात. माझ्याकडे तीन कपांचा मोका पॉट (शेगडीवर ठेवून कॉफी करायचं भांडं) आहे, पण तो याच कारणाने माळ्यावर गेला. बर्नर रिकामा नसतो, असला तर जाळीवर ते इवलंसं भांडं डगमगतं, आणि डगमगलं नाही तर माझं लक्ष पोळीकडे असतं आणि कॉफी जळते.

ओट्यावर मिक्सर आणि वॉटर फिल्टरच्या मध्ये २२ सेंमी जागा आहे, वर कपाट. बजेट कॉफी दळायचा ग्राइंडर धरून तीस हजार, फार ताणलं तर पस्तीस. डेलॉन्गीचं डेडिका मनात भरलंय कारण रुंदी जेमतेम १५ सेंमी. ब्रेव्हिलचं बँबिनोही तसंच सडपातळ आणि तीन सेकंदांत तापतं म्हणे, पण त्यावर ग्राइंडर घेतला की बजेट फुटतं. कॅप्सूलवालं (एका कपाच्या कॉफीची बंद डबी घालायचं) घ्यावं का, असंही नवऱ्याचं चाललंय.

विचारायचं आहे ते हे. बटण दाबल्यापासून दोन कप हातात येईपर्यंत खरोखर किती वेळ लागतो? ग्राइंडर हवाच का? (दाराआड धाकटा झोपलेला असतो.) भाऊ न्यू जर्सीत आहे, तिथे सेलमध्ये बरंच स्वस्त दिसतंय, त्याच्याकडून मागवू का? आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, किटलीत पांढरा थर बसतो, त्याने मशीनचं काय होईल?

आधीच धन्यवाद!

न्यूजर्सीकर

भावाला चॉकलेटं आणायला सांगा. मशीन नको. इथली वीज १२० व्होल्ट, तुमची २३०. तापणारी कॉइल जवळपास दुप्पट व्होल्टेजवर दुप्पट नाही, साडेतीन पटीहून जास्त वीज खेचते, म्हणजे पहिल्याच दिवशी राम. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड असतो आणि तुमच्या २२ सेंमीत तोच बसेल. शिवाय इथली वॉरंटी तिथे चालत नाही. युरोपात कोणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागते.

किटलीवाला

माझ्याकडे याच जातीचं छोटं थर्मोब्लॉकवालं (म्हणजे पाणी जाता जाता तापवणारा धातूचा ठोकळा असलेलं) मशीन चार वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मशीन किती सेकंदांत तापतं हे सगळे विचारतात. तीन सेकंद काय, चाळीस सेकंद काय, तेवढ्यात तुम्ही फ्रिजमधून दूध काढता. वेळ खातात ती त्याच्या आजूबाजूची कामं. मी एकदा मोबाइलवर घड्याळ लावून बघितलं होतं. हाताच्या ग्राइंडरने १५ ग्रॅम बिया दळायला दीड मिनिट. भुकटी मशीनच्या जाळीत (तळाला भोकं असलेल्या छोट्या वाटीत) भरून, सपाट करून दाबायला अर्धं मिनिट. कॉफी पडायला २५ ते ३० सेकंद. दूध वाफवायला पाऊण ते एक मिनिट. मग वाफेची नळी पुसणं, चोथा झटकणं, जाळी धुणं, खाली पडलेली भुकटी गोळा करणं. दोन कपांना मला आता सहा-सात मिनिटं लागतात. पहिला महिनाभर बारा लागत होती आणि त्यातली निम्मी कॉफी आंबट किंवा कडूजहर होती.

यातलं दळण काढून टाकलं तर वेळ तीन मिनिटांनी कमी होतो. डेडिकासारख्या मशीनबरोबर दुहेरी तळाची जाळी येते. तिच्या खालच्या तळाला एकच बारीक भोक असतं, त्यामुळे दाब जाळीच तयार करते आणि भुकटी थोडी जाडी-बारीक असली तरी चालून जातं. त्यात दुकानातून एस्प्रेसोसाठी दळून आणलेली कॉफी बिनधास्त वापरता येते. एकेरी तळाची जाळी वापरायची तर मात्र ताजं आणि नेमकं दळणच लागतं, नाहीतर दहा सेकंदांत सगळं पाणी सळसळत निघून जातं.

कॉफीचे शौकीन मला आता मारायला येतील, की दळलेली कॉफी शिळी होते. होते, खरंय. पण तुमच्या घरचा हिशोब करा. रोज दोन कप म्हणजे तीस ग्रॅम. २५० ग्रॅमचं पाकीट आठ दिवसांत संपलं. शिळी व्हायला वेळ तरी कुठे मिळतो तिला? पाकिटावर भाजल्याची तारीख बघून घ्या, चिमटा लावून हवाबंद डब्यात ठेवा, झालं. एकच करू नका: मिक्सरमधून बिया काढू नका. पातं बिया दळत नाही, फोडतं. अर्धं पीठ, अर्धा रवा.

आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५ बार' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब. एस्प्रेसो पडते ती साधारण ९ बारला. २० बारवालं मशीन त्याहून चांगलं, असं काही नसतं.

सायसाखर

किटलीवाल्यांना +१. दुधाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. आपल्याकडे दूध तापवून, साय काढून ठेवतात. या दुधाला फेस येतो, पण ते फ्रिजमधलं गारेगार हवं आणि गाळून घ्यायला हवं. सायीचा एक तुकडा वाफेच्या नळीच्या टोकात अडकला की ती फुर्रर्र करते आणि दूध ओट्यावर येतं. मी तर कॉफीपुरतं दूध पिशवीतून न तापवताच वेगळं काढते, पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतंच.

भांडं हाताला चटका देऊ लागलं की थांबायचं, साधारण ६० अंश. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो. साबांना मात्र ही कॉफी 'कोमट' वाटेल, तयारी ठेवा. आमच्याकडे अजून रोज एक कप वाफवून झाल्यावर मायक्रोवेव्हमध्ये जातो. आता मी वाद घालत नाही.

नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसायची आणि एकदा रिकामी वाफ सोडायची. 'डबे झाल्यावर पुसते' म्हटलं की दूध वाळून सिमेंट होतं.

मंद आच

ताई, राग मानू नका, पण एस्प्रेसोच का? रात्री झोपताना पितळी कॉफी-फिल्टरमध्ये चार चमचे कॉफी आणि उकळतं पाणी घालून ठेवा, सकाळी डिकॉक्शन तयार. कष्ट शून्य, वीज शून्य, आवाज शून्य. साबांचा अर्धा कपही त्यातच. तीस हजारांत लेकीची वर्षभराची क्लासची फी निघेल.

धागाकर्ती

@मंद आच, राग कसला! फिल्टर आहे घरी. लग्नानंतर तीन वर्षं बेंगळुरूला होतो, तिथूनच आणलाय. पण नवऱ्याला काळी प्यायची असते आणि चिकोरी घातलेलं डिकॉक्शन त्याला काळं जात नाही. आणि खरं सांगू का, मला ते मशीन हवंय. घरात सकाळी मी जे जे करते ते सगळं दुसऱ्या कोणासाठी असतं. पाच मिनिटं एक खेळणं माझं.

@किटलीवाला, तो आठ दिवसांचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला. कॅप्सूलचं काय म्हणता?

किटलीवाला

खेळणं हवं असेल तर चर्चाच संपली, घ्या!

कॅप्सूल वेळेच्या बाबतीत सगळ्यांना हरवते. मिनिटात कप, सांडलवंड नाही, आवाज थोडका. नवऱ्याच्या काळ्या कॉफीला ती उत्तम. पण लहान कॅप्सूलमध्ये कॉफी असते पाचेक ग्रॅम. तुमच्या मगभर दुधात ती हरवून जाईल, मग तुम्ही दोन-दोन फोडाल आणि महिन्याचा खर्च बघून तिसऱ्या महिन्यात मशीनवर कापड टाकाल. शिवाय दूध वाफवायची सोय बहुतेकांत वेगळी घ्यावी लागते.

एक क्रम मात्र लक्षात ठेवा. थर्मोब्लॉक एकच असतो. कॉफी पाडायला त्याला नव्वदच्या पुढचं तापमान हवं, वाफेला शंभरच्या वर. म्हणून आधी दोन्ही कॉफ्या पाडून घ्यायच्या आणि मग दूध वाफवायचं. उलट केलंत तर पुढची कॉफी करपते, किंवा गरम पाणी सोडून मशीन थंड करत बसावं लागतं. नेमकी तिथेच बस चुकते.

वायरमन

ते २२ सेंमी ठीक आहे, पण तिथे सॉकेट कुठला आहे? सहा ॲम्पिअरचा छोटा सॉकेट म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट. ही मशीनं तेराशेच्या आसपास असतात, काही वर जातात. म्हणजे अगदी काठावर. त्यात त्याच बोर्डावर मिक्सर सुरू केला तर सॉकेट काळा पडायला वेळ लागत नाही. १६ ॲम्पिअरच्या मोठ्या सॉकेटला लावा आणि एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. इन्व्हर्टरवर चालेल असंही धरू नका. मोठा सॉकेट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मशीन.

सायसाखर

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), मशीन यायच्या आधी पुठ्ठ्याचं खोकं मापात कापा (१५ रुंद, ३३ खोल, ३० उंच) आणि आठवडाभर ओट्यावर ठेवा. पाण्याची टाकी मागच्या बाजूला असते. वर कपाट असेल तर ती काढता येते का तेही बघा, नाहीतर रोज मशीन पुढे ओढा, भरा, मागे ढकला. मी वर्षभर तेच केलंय.

धागाकर्ती

धागा वर काढतेय. सायसाखर, तुम्हाला दंडवत.

खोकं ठेवलं. पहिल्या दिवशी साबांनी त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली. दुसऱ्या दिवशी मिक्सरचं झाकण. तिसऱ्या दिवशी फोडणीचं तेल उडून खोक्याची एक बाजू पारदर्शक झाली, तेव्हा कळलं की ही जागा शेगडीच्या फारच जवळ आहे. शिवाय तिथला सॉकेट सहा ॲम्पिअरचा निघाला. आता खोकं जेवणाच्या खोलीत मायक्रोवेव्हशेजारी हललंय. तिथे मोठा सॉकेट आहे, वर कपाट नाही, टाकी सहज निघेल. मायक्रोवेव्ह आणि मशीन एकाच वेळी लावायचं नाही असं ठरलंय. (साबांचा कोमट कप नंतर.) पोळ्यांच्या वाटेतून मशीन हललं हे बरंच झालं, कारण आता ते नवऱ्याला चालवता येईल. तो अजून हे वाचायचा आहे.

तर डेडिका, दळलेली कॉफी, ग्राइंडर सध्या नाही. दिवाळीपर्यंत उत्साह टिकला तर रविवारसाठी हाताचा घेईन. पाण्याचं तेवढं राहिलं.

किटलीवाला

टँकरचं पाणी सरळ घालू नका. आतल्या बारीक नळ्यांत क्षार बसला की आधी वाफ मंदावते, मग पंप कण्हायला लागतो. अगदी शून्याजवळ आणलेलं आरओचं पाणीही नको, कॉफी पचपचीत लागते. कॉफीवाल्यांच्या मापात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १५० च्या आसपास चांगला. तुमच्या वॉटर फिल्टरला मीटर असेल तर बघा. नसेल तर फिल्टरच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं मिसळून किटलीत आठ दिवस रोज उकळून बघा. थर बसला नाही तर मशीनलाही चालेल.

क्षार काढायचा दिवा लागला की त्याच दिवशी काढा. मी तीन महिने टाळलं होतं. सर्व्हिस सेंटरने पंप बदलला, पाच आठवडे लावले, आणि वर 'पाणी कुठलं वापरता?' असं मलाच विचारलं. बोललो नाही काही, चूक माझीच होती.

धागाकर्ती

आजच ऑर्डर टाकली. शेवटचा प्रश्न: चोथा कशात झटकता? दुकानातला तो आडव्या दांडीचा डबा केवढ्याला विकतात, बघून डोळे फिरले.

सायसाखर

घट्ट प्लॅस्टिकचा बिस्किटांचा जुना डबा घ्या, तोंडावर आडवी लाकडी पट्टी बसवा, पट्टीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. माझा तीन वर्षं चाललाय. चोथा थेट तुळशीत ओतू नका, वर पापुद्रा धरतो आणि बुरशी येते. ओल्या कचऱ्याच्या खतात थोडा थोडा मिसळा.

मंद आच

आणि तो पितळी फिल्टर कोणी वापरणार नसेल तर मी ठाण्यातच राहतो.

धागाकर्ती

साबा नाही म्हणाल्या. उद्यापासून त्यात त्यांचा पूर्ण कप.