बाभूळ आता 'अकेशिया' नाही, मग ऑस्ट्रेलियन बाभूळ कशी?

रानवाट: नमस्कार मंडळी. गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी झाडांची यादी चालू आहे. जुन्या पुस्तकांत बाभूळ, हिवर, खैर तिन्ही अकेशिया. आता बाभूळ-हिवर वॅचेलिया, खैर सेनेगॅलिया आणि रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच! हे कशावरून ठरलं? झाड बघून ओळखता येतं का? आणि यादीत काय लिहायचं?

पर्णवृंत: प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज, हा आजचा निकष. डीएनए तपासल्यावर जुनी अकेशिया त्यात बसेना. ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जाती बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याला जवळच्या निघाल्या. म्हणून तिच्या निदान पाच प्रजाती केल्या.

आता 'अकेशिया' हे नाव कुणी ठेवायचं? नियमाने नाव टाईप जातीबरोबर (जिच्याशी प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती जात) जातं आणि टाईप होती आपली बाभूळ. पण मग त्या हजारभर जातींची नावं बदलावी लागली असती. २००३ मध्ये टाईपच बदलून ऑस्ट्रेलियन जात धरायचा प्रस्ताव आला. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये विरोधात निम्म्याहून जास्त मतं पडली, पण तो फेटाळायला लागणारे ६० टक्के भरले नाहीत. २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्का बसला. सोयीचा निर्णय, न्यायाचा म्हणवत नाही.

काटेसावर: ओळखायला आधी काटे बघा. वॅचेलियाचे काटे म्हणजे बदललेली उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी इवली पानं): पानाच्या बुडाशी जोडीने, सरळ. फुलांचे गोल गोंडे. बाभळीचे पिवळे, हिवराचे फिकट आणि मोठ्या झुबक्यात. खैराचे काटे आखूड, आकडीसारखे वळलेले, पानाच्या बुडाच्या किंचित खाली. फुलं लांब तुऱ्यात. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटेच नाहीत. तिचं कोयत्यासारखं 'पान' म्हणजे चपटा झालेला देठ. नुकतं उगवलेलं रोप बघा, पहिली काही पानं बाभळीसारखी बारीक पर्णिकांचीच असतात.

जुन्या बाभळीला वरच्या फांद्यांवर काटे नसतातही. बुंध्याचे नवे फुटवे तपासा.

कुसळ: नुसत्या गोंड्यावर जाऊ नका, शिकेकाई तिथेच फसवते. फुलं गोल गोंड्यात, पण प्रजाती सेनेगॅलिया. तिचे वाकडे काटे फांदीभर कसेही विखुरलेले, जोडी नाहीच.

वेडी बाभूळ (जुनं नाव प्रोसोपिस, आता नेल्टुमा) तर या गटातलीच नाही. १०x भिंगातून एकच फूल वेगळं काढून पुंकेसर मोजा. १० सुटे असले तर जुन्या अकेशियातलं नाही, वेडी बाभूळ असू शकते. पुष्कळ आणि सुटे असले तर जुन्या अकेशियातलं काहीतरी. पुष्कळ, पण बुडाशी नळीत जुळलेले असले तर शिरीषाकडचं. कोमेजलेल्या फुलाचे केसर गळतात आणि आकडा चुकतो, तेव्हा ताजंच घ्या.

पर्णवृंत: वाहवा, केसरांचं राहिलंच होतं.

यादीत आधी आजचं नाव, पुढे कंसात जुनं: वॅचेलिया निलोटिका (अकेशिया निलोटिका). नुसतं 'अकेशिया' लिहिलं की पुढचा माणूस ऑस्ट्रेलियन समजणार. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर जुनं नाव टाकलंत की मान्य नाव दिसतं. कुळाच्या रकान्यात 'मिमोसेसी' नको, फॅबेसी लिहा. २०१७ च्या वर्गीकरणात मिमोसाचा (लाजाळूचा) अख्खा गट फॅबेसीच्याच सिसाल्पिनिऑइडी उपकुळात गेला. आणि प्रत्येक नोंदीला स्थानिक नाव हवंच.

रानवाट: शिकेकाई मी वॅचेलियात टाकून बसलो होतो! यादी दुरुस्त करतो.