मदत हवी आहे: लोटसच्या मॉडेलचं वर्ष कसं ओळखायचं?

घाटवाट: फॉर्म्युला वनच्या लोटसचं छोटं मॉडेल काकांनी दिलंय. उद्या संध्याकाळी सोसायटीच्या गणपतीत मुलांच्या प्रदर्शनात ठेवायचंय, खाली नाव-वर्ष लिहायचंय. नेटवर २०११ला दोन-दोन लोटस दिसतात. खरी कुठली? घाई आहे.

पिटलेन: रंग? नंबर? त्याशिवाय काय सांगणार?

रेवा: कॉलिन चॅपमनने १९४८ला जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधली, १९५२ला कंपनी काढली. प्रेयसी हेझलला (पुढे तीच बायको) तो लाडाने ‘लोटस ब्लॉसम’ म्हणायचा, त्यावरून नाव पडलं. बिल्ल्यात गुंफलेली ए सी बी सी अक्षरं त्याच्याच नावाची: अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन.

आबा_५७: अक्षरांचं बरोबर. हेझलची गोष्ट नुसती ऐकीव. चॅपमनने नावाचं कारण कधीच सांगितलं नाही. मुलांसमोर ते लिहू नका.

रेवा: मग दुसरं कारण तरी सांगा!

सुसाट: काळी-सोनेरी असेल तर ब्राझीलच्या ड्रायव्हर सेन्नाची! १९८५, पोर्तुगालचं एस्टोरिल, धो धो पाऊस, त्याचा पहिला विजय. अजून काटा येतो.

पिटलेन: काळी-सोनेरी २०११लाही होती, रेनॉ संघवाल्यांची. म्हणून तर विचारतोय.

मनमौजी: लोटसच्या एलिस गाडीचं नाव कंपनीचे तेव्हाचे मालक आर्तिओली यांच्या नातीवरून आलंय.

घाटवाट: हिरवी, पिवळा पट्टा, नाकावर २१.

पिटलेन: हे आधी लिहायचंत ना! संघ टीम लोटस, गाडी टी१२८, वर्ष २०११. मूळ संघ १९९४चा मोसम संपल्यावर बुडाला. २०१०ला मलेशियाचे उद्योजक टोनी फर्नांडिस लोटस कार कंपनीच्या परवान्यावर ‘लोटस’ नाव घेऊन उतरले. पुढे त्या कंपनीशी बिनसलं, ती रेनॉ संघाकडे गेली, आणि फर्नांडिसनी ‘टीम लोटस’ हे जुनं नाव विकत घेतलं. मे २०११मध्ये लंडनच्या कोर्टाने ते त्यांना वापरू दिलं. तरी पुढच्या वर्षी त्यांचा संघ केटरहॅम झाला आणि काळी-सोनेरी गाडी नुसती ‘लोटस’.

आबा_५७: दोन्ही खऱ्या नाहीत. खरी लोटस १९९४ला संपली.

रेवा: कोर्टाने नाव दिलं, म्हणजे हिरवीच खरी.

पिटलेन: तो वाद नंतर. २१ नंबर यार्नो त्रुलीचा, पण जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीला त्याच गाडीत आपला करुण चांढोक होता. तळाच्या पट्टीवर ड्रायव्हरचं नाव असतं, बघा.

घाटवाट: तळ नाहीये, नुसती गाडी आहे. खोका सांगलीला काकांकडे. आत्ताच फोन लावतो.