लेकॅनेमॅब सरकारी पैशाने द्यावं का? जपान एकीकडे, ब्रिटन दुसरीकडे

न्यूरोपंत:
अल्झायमरवरचं हे औषध जपानने डिसेंबर २०२३पासून विम्यात घेतलं. ब्रिटनच्या नियामकाने ऑगस्ट २०२४मध्ये मान्यता दिली आणि त्याच दिवशी 'नाइस'ने (सरकारी आरोग्यसेवेत कोणता उपचार द्यावा हे ठरवणारी तिथली संस्था) मसुद्यात सरकारी खर्चाला नकार दिला. मला ब्रिटन पटतं. १७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांनी फरक किती, तर स्मरण आणि रोजची कामं मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर ०.४५. घरच्यांच्या लक्षातही येणार नाही.

रेणू_रसायन:
१८ने कशाला भागताय? चाचणीत सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले होते. त्या काळात प्लासिबोवाल्यांची (औषध नसलेलं नकली सलाइन घेणाऱ्यांची) घसरणच १.६६ झाली, औषधवाल्यांची १.२१. घसरण २७ टक्के कमी म्हणतात, ते यातून येतं. माप निवडून औषध लहान दाखवता येतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

न्यूरोपंत:
बरं, २७ धरा. पण मोजावं काय लागतं? दर किलोमागे १० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी शिरेतून. अमेरिकेत नुसत्या औषधाची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. आधी मेंदूत ॲमिलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं, हे औषध साफ करतं ते प्रथिन) आहे का हे बघायला पेट स्कॅन किंवा पाठीतलं पाणी, पुढे ठरलेल्या वेळी एमआरआय. १२.६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली; अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या ॲपोई-४ जनुकाच्या दोन प्रती असल्या तर ३२.६ टक्के. बहुतेकांना लक्षण काहीच नसतं, त्यामुळे एमआरआय चुकला की कळतच नाही. शिवाय अशा रुग्णाला अर्धांगासारखी लक्षणं आली आणि कॅज्युअल्टीत माहिती न घेता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो.

तालुका_ओपीडी:
तुम्ही दोघंही पेट सेंटरच्या दारात उभे राहून भांडताय. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे आणि बहुतेकांच्या केसपेपरवर तो शब्दच नाही. नेहमीची एमएमएसई, म्हणजे स्मरण-बुद्धीची छोटी तोंडी-लेखी चाचणी घ्या: वाक्य लिहा, पंचकोन काढा, शंभरातून सात वजा करत जा. शाळेत न गेलेली आजी बुद्धी शाबूत असून नापास होणार. अशांसाठी बेतलेल्या हिंदी एमएसईत वारांची नावं उलटी विचारतात, 'डोळे मिटा' वाचायला न देता करून दाखवतात. मग रक्तातलं बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, पडल्याचा इतिहास असेल तर डोक्याचं सीटी. नैराश्यही तपासायचं. बरं होण्यासारखं काही असेल तर इथेच सापडतं.

रेणू_रसायन:
मान्य, पण निदानाची ही अडचण फोडायलाच रक्तचाचणी आली ना? मे २०२५मध्ये अमेरिकेत पी-टाऊ २१७ (अल्झायमरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) आणि ॲमिलॉइड यांचं प्रमाण बघणारी चाचणी मंजूर झाली. पेटला रांग लावायला नको.

तालुका_ओपीडी:
पंचावन्नच्या पुढचे, लक्षणं असलेले, तेही तज्ज्ञांकडे आलेले, यांच्यासाठी आहे ती. किडनी बिघडलेली असेल तर पी-टाऊ वाढलेला दिसतो, आणि आपल्याकडे मधुमेहाने किडनी गेलेले थोडे नाहीत. ऐंशीतल्या धडधाकट माणसातही ॲमिलॉइड सापडतं. किडनीची क्रिएटिनिन चाचणी न बघता कुणी पॉझिटिव्हचा कागद हातात ठेवला, तर पुढची धावाधाव घरच्यांनी करायची.

रेणू_रसायन:
क्रिएटिनिन शंभर-दोनशे रुपयांत होतं हो, अडतंय कुठे? आणि याच जातीचं दुसरं औषध डोनानेमॅब महिन्यातून एकदाच द्यायचं, ॲमिलॉइड साफ झालं की बंद. खर्चाला निदान शेवट आहे.

न्यूरोपंत:
साफ झालं हे बघायला पुन्हा पेटच लागतो. तो खर्च धरलात का?