मदत हवी आहे: व्हीसॅमची फाईल डेटाबेसमध्ये आणली, पण रिपोर्ट कोरा येतोय

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात शहापूरला घरूनच काम करतो. एका विमा कंपनीची मेनफ्रेमवरची (मोठ्या संगणकावरची) व्हीसॅम फाईल, म्हणजे ठरलेल्या नंबराच्या क्रमानं रेकॉर्ड ठेवणारी फाईल, लिनक्सवरच्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम माझ्याकडे आलंय. रेकॉर्डची मोजदाद जुळली. कॉम्प-३ चे (दाबून साठवलेल्या आकड्यांचे) रकाने वेगळे उलगडले, बेरजा पैशापर्यंत बरोबर. तरी 'बी' विभागाचा रिपोर्ट कोरा. एरर नाही, फाईल स्टेटस ००, म्हणजे सगळं ठीक. चार दिवस ह्यातच गेले.

रेकॉर्डची की, म्हणजे ओळख, हा पॉलिसी नंबर; तो पाच खुणांचा. पहिलं अक्षर विभागाचं. दुसऱ्या जागी जुन्या पॉलिसींना अक्षर, नव्यांना आकडा. प्रोग्राम 'बीए०००' वर स्टार्ट करतो (तिथून वाचायला लागतो), रीड नेक्स्टने एकेक रेकॉर्ड पुढे जातो आणि 'बी९९९९' च्या पुढची की आली की थांबतो.

रविवारी खानापूरला काकांकडे गेलो. त्यांची सगळी नोकरी मुंबईत कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर झाली. व्हीसॅमच्या आधीच्या आयसॅम फाईलींच्या काळातली वही अजून ट्रंकेत आहे. पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवून त्यांनी मेनफ्रेमवरचे अक्षरांचे कोड, म्हणजे एबसिडिक, दाखवले: ए ते आय म्हणजे सी१ ते सी९, जे ते आर डी१ ते डी९, एस ते झेड ई२ ते ई९, आणि आकडे एफ० ते एफ९. "बघ, एबसिडिकमध्ये अक्षरं आधी, आकडे मागनं. तुझ्या लिनक्सच्या आस्की कोडात आकडे आधी."

म्हणजे माझा पहिलाच 'बीए००१' हा 'बी९९९९' पेक्षा मोठा ठरतो आणि प्रोग्राम तिथंच थांबतो!

काका सांगत होते, आयसॅममध्ये नवे रेकॉर्ड ओव्हरफ्लोत (बाजूच्या जादा जागेत) साचायचे, वाचन मंद व्हायचं, मग फाईल पुन्हा रचावी लागायची. व्हीसॅममध्ये कंट्रोल इंटरव्हल (रेकॉर्डांचा कप्पा) भरला की तो फुटून जागा होते. रचना एवढी बदलली, पण १९६४ च्या सिस्टिम/३६० बरोबर आलेला तो क्रम तसाच राहिला, आणि नंबर ठरवणाऱ्यानं त्याच्यावरच भरवसा ठेवला.

आता प्रोग्राममध्ये कोलेटिंग सीक्वेन्स (अक्षरांचा लहान-मोठा क्रम) एबसिडिक लिहून भागेल का? असे दुसरे प्रोग्राम शोधायचे कसे?

निपाणीकर: दादा, तेवढ्यानं भागणार नाही. त्यानं प्रोग्रामातली तुलना बदलेल, पण डेटाबेस रेकॉर्ड आस्कीच्याच क्रमानं देणार. टेबलात एक जादा रकाना घ्या, त्यात कीचे एबसिडिक बाइट हेक्समध्ये (सी१, एफ० असे) ठेवा, इंडेक्स त्याच्यावर करा आणि वाचनही त्याच क्रमानं. दोन्ही गोष्टी लागतील. बाकीच्या प्रोग्रामांत स्टार्ट आणि त्याखालची मोठं-लहान तपासणारी ओळ शोधा. सॉर्टही सोडू नका, आणि स्मॉल-कॅपिटलचा क्रमही तिकडे उलटा असतो.

धागाकर्ता: जादा रकाना केला, तुलनाही बदलली. रिपोर्ट आला, शेवटची बेरीज मेनफ्रेमच्या जुन्या प्रिंटशी जुळली. अजून सात प्रोग्रामांत तसलाच स्टार्ट सापडलाय, उद्यापासून ते धरतो. मनापासून आभार. काकांना आत्ताच फोन केला, वहीचे फोटो काढून ठेवायला ते हो म्हणालेत.