मदत हवी आहे: बाथशेबा एव्हरडीन खरंच स्वतंत्र आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात इंग्रज लेखक थॉमस हार्डीची कादंबरी 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (1874) चालू आहे. तिच्या नायिकेवर, बाथशेबावर, मला बोलायचंय, आणि गाडी अडलीये.

सुरुवात झकास आहे. काकांमागे शेत हाती येतं, चोरी करणाऱ्या कारभाऱ्याला ती हाकलते आणि सगळा कारभार स्वतःच बघते. कॅस्टरब्रिजच्या धान्यबाजारात पुरुषांच्या गर्दीत ही एकटीच बाई. नमुन्याचे दाणे तळहातावर ओतून मुरलेल्या व्यापाऱ्यासारखी भाव करते! हा प्रसंग मी पुन्हापुन्हा वाचते.

आणि हीच बाई सार्जंट ट्रॉयच्या तलवारबाजीवर भाळते आणि त्याच्याशी लग्न करते. मग तो तिचेच पैसे घोड्यांच्या शर्यतीत उडवतो. लग्न झालेल्या बाईचा स्वतःच्या मालमत्तेवरचा हक्क इंग्लंडमध्ये नीट मान्य झाला तो 1882 च्या कायद्याने, म्हणजे कादंबरीनंतर आठ वर्षांनी. मग हा दोष तिच्या स्वभावाचा धरायचा की काळाचा? गटातल्या एक ताई म्हणतात, 'हार्डीने तिला मुद्दाम धडा शिकवलाय.' मला ते अर्धंच पटतं. वादळात धान्याच्या गंजी झाकायला रात्री तिच्या शेतावरच्या मेंढपाळासोबत, गेब्रिएलसोबत, तीच तर उभी असते.

शेवटी गेब्रिएलशी होणारं लग्न तुम्हाला कसं वाटलं? बरोबरीचं, की थकून पत्करलेलं? ज्यांनी वाचलीये त्यांनी कृपया प्रसंगासकट सांगा. सिनेमावरून नको, त्यात बरंच गाळलंय. मराठीत हार्डीवर काही चांगलं लिहिलं गेलं असेल तर तेही सुचवा.