मदत हवी आहे: अॅक्शन फिगरवर पॉलिमर क्लेचं काम करायचंय, पण सांधे हलते राहायला हवेत

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे साधारण 15 सेंटिमीटर उंचीची, सगळे सांधे हलणारी एक अॅक्शन फिगर आहे. चेहरा तरुण, अंगावर घट्ट पोशाख. तिच्यातून मला एक म्हातारा तिरंदाज घडवायचा आहे. छातीपर्यंत दाढी, डाव्या खांद्यावर चिलखताची पट्टी, पाठीवर भाता, चेहऱ्यावर सुरकुत्या.

एक गोष्ट मात्र मनात पक्की आहे: या म्हाताऱ्याला धनुष्य ओढता आलं पाहिजे. उजवं कोपर पूर्ण मागे जायला हवं, डावा हात खांद्यातून सरळ पुढे यायला हवा आणि मान बाणाच्या दिशेला वळायला हवी. नुसता शोभेला उभा करायचा असता तर हवी तिथे क्ले थापून मोकळा झालो असतो. इथे दाढी मानेच्या आड येणार, चिलखत खांद्याच्या आड येणार, आणि रंग तर प्रत्येक सांध्यात घासला जाणार.

पहिली अडचण भाजण्याची, कारण पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजल्यावरच कडक होते. फिमो कंपनीची क्ले 110 अंशांना अर्धा तास भाजायची असते, स्कल्पीची साधारण 130 अंशांना, दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. फिगरमधलं पीव्हीसी प्लास्टिक याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं आणि एबीएस हे कडक प्लास्टिक 105 अंशांच्या आसपास नरम होऊ लागतं. अख्खी फिगर कमी तापमानात जास्त वेळ ठेवा, असं काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. कमी उष्णतेत क्ले वरून कडक लागते, पण आतून कच्चीच राहते आणि नंतर कडेला तुकडे पडतात. तुम्ही हे काम कसं करता?

दुसरं, दाढी हनुवटीला चिकटवावी की छातीला?

तिसरं, कोपर आणि खांद्यावरचा रंग हालचालीने उडू नये म्हणून काय करावं?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. फोटोतला तयार नमुना बघून हात कसा चालवायचा ते कळत नाही.

प्रतिसाद

फिगर ओव्हनमध्ये अजिबात घालू नका. क्लेचा भाग फिगरवर घडवायचा, पण भाजायचा वेगळा.

खांद्यावर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून बसवा, त्यावर चिलखताची पट्टी घडवा आणि फॉइलसकट अलगद उतरवून भाजा. गार झाल्यावर फॉइल सोलून काढा, पट्टी खांद्यावर बेतोबेत बसते. फॉइलचा आणखी एक उपयोग आहे: कच्च्या क्लेतलं प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं द्रव्य) काही कडक प्लास्टिकना खातं, पृष्ठभाग चिकट होतो. म्हणून कच्ची क्ले फिगरला थेट लावून दिवसेंदिवस ठेवू नये.

ही पट्टी खांद्याच्या गोळ्याला चिकटवू नका. दंडाच्या वरच्या भागाला फक्त एका बाजूने चिकटवा, म्हणजे हात उचलला की पट्टी त्याच्याबरोबर वर जाईल. चिकटवण्याआधी हात धनुष्य ओढण्याच्या स्थितीत नेऊन पाहा. पट्टी गळ्याला टेकत असेल तर तिची वरची कड पॉलिश पेपरने घासून कमी करा. घासताना मास्क हवाच.

दाढी हनुवटीला. छातीला चिकटवलीत तर मान कायमची अडकली. दाढीचं टोक छातीपासून दोन मिलिमीटर तरी सुटं ठेवा.

ओव्हनची खोली हवेशीर असू द्या आणि तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो नाकाडोळ्यांना झोंबतो.

प्रतिसाद

रंगाबद्दल. आधी फिगर भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. स्प्रेचा किंवा इनॅमलचा रंग मऊ पीव्हीसीवर कित्येकदा सुकतच नाही, महिनोन्महिने बोटाला चिकटतो. ब्रशने अॅक्रिलिक लावा, पाण्यासारखे पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण सुकू द्या.

सांध्याचा उपाय रंगात नाही, जागेत आहे. रंगालाही जाडी असते. कोपराच्या ज्या दोन कडा एकमेकींवर घासतात, त्या रंगवण्याआधी बारीक पॉलिश पेपरने जराशा उतरवा. हात आत-बाहेर करताना दोन्हींच्या मधून कागद सरकला पाहिजे. सांध्याच्या आतला, बाहेरून न दिसणारा भाग रंगवूच नका. शेवटी मॅट वार्निशचा एक पातळ हात.

आणि शक्य असेल तर बाहीचा रंग मूळ प्लास्टिकच्या रंगाजवळचा निवडा. मग कधी रंग निघालाच तरी डोळ्यांत भरत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी दंडाबरोबर उचलली जाण्याची युक्ती फार आवडली, माझा सगळा जीव त्या खांद्यातच अडकला होता. दाढी आणि भाताही फॉइलवरच करतो.

आता चेहरा उरला. सुरकुत्यांसाठी तिथे फॉइल ठेवून चालणार नाही. मग काय करू?

प्रतिसाद

चेहऱ्याला इपॉक्सी पुटी वापरा. दोन भाग समान घेऊन मळायची, भाजावी लागत नाही. बहुतेक पुट्या तासभर तरी मऊ राहतात आणि एका दिवसात दगडासारख्या होतात. हातमोजे घाला, कच्ची पुटी त्वचेला बरी नव्हे.

डोकं वेगळं काढून हातात घ्या. उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवलं की मानेची खुंटी सैल होते, ओढून निघतं. गालांवर आणि कपाळावर पुटीचा अगदी पातळ थर पसरा, जरा घट्ट होऊ द्या आणि ओल्या सुईने रेघा ओढा. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तीन-चार, नाकपुडीपासून ओठाच्या टोकापर्यंत एक खोल. कपाळावर सरळ समांतर रेघा ओढू नका, एखादी मध्येच तुटू द्या. पुटी कडक झाल्यावर त्वचेचा रंग द्या, मग पातळ तपकिरी रंग रेघांत सोडून वरचा लगेच पुसून घ्या.

तिरंदाज एक डोळा बारीक करतो, तेव्हा त्या बाजूच्या रेघा जास्त खोल घ्या.