मदत हवी आहे: आल्बर्सचा 'तीन रंगांचे दोन' सराव जमत नाही

पहिल्या वर्षाच्या रंगवर्गासाठी चित्रकार आणि रंगशिक्षक योझेफ आल्बर्सचे सराव लावतोय. 'एका रंगाचे दोन' (एकच रंग दोन वेगळे भासणं) व्यवस्थित होतो: एकाच कागदाचे दोन छोटे तुकडे, एक गडद पार्श्वभूमीवर, एक फिक्या. तुकडा पार्श्वभूमीच्या मानाने मोठा झाला की परिणाम मरतो, म्हणून साधारण १५ सेंमीच्या चौकोनावर २ सेंमीचाच ठेवतो. रंगवलेले नाही, छापील मॅट कागदच. ब्रशने दोनदा मिसळलेला रंग तंतोतंत एक येत नाही, आणि चकाकी तर सगळंच बिघडवते.

अडतं ते उलट सरावात: तीन रंग दोनच दिसले पाहिजेत. मधल्या रंगाचा तुकडा डाव्या पार्श्वभूमीवर उजवीसारखा, उजव्या पार्श्वभूमीवर डावीसारखा भासायला हवा. मधला रंग उजळपणात मध्यावर येतो, पण छटा सरकते. पिवळा-जांभळा जोडीत तर तो नुसता मळका करडा दिसतो. पार्श्वभूमी जवळच्या छटांच्या घ्याव्यात, की आधी फक्त करड्या कागदांवर उजळपणा पक्का करून मग रंगात यावं?

दुसरं: बाऊहाउस या जर्मन कलाशाळेच्या पायाभूत वर्गात चित्रकार योहानेस इटेननं १९२३ पर्यंत विरोध-सिद्धांत (रंगांमधल्या विरोधांचे, म्हणजे कॉन्ट्रास्टचे नियम) शिकवला, आल्बर्स मात्र आधी पाहणं, सिद्धांत नंतर असं म्हणायचा. दोन्ही एकाच सत्रात बसवलेत का कुणी? माझा कल आल्बर्सकडे, कारण रंगचक्र आधी दिलं की विद्यार्थी डोळ्यांऐवजी चक्रच बघतात.

स्क्रीनवर करणाऱ्यांनी रात्रीचा पिवळसर मोड बंद होता का, तेही लिहा.